गुढीपाडवा ३० मार्चला येतो का?

एक छोटा प्रयोग करून बघा. फोनमधलं कॅलेंडर उघडा, ३० मार्च २०२५ या तारखेवर 'गुढीपाडवा' असं लिहा आणि खाली 'दरवर्षी' हा पर्याय निवडा. फोन काहीही तक्रार करणार नाही. पण २०२६चा पाडवा १९ मार्चचा. म्हणजे फोन ११ दिवसांनी, श्रीखंड संपून डबाही धुऊन झाल्यावर, अगदी इमानेइतबारे आठवण करून देणार. मग दरवर्षी ११ दिवस वजा करू, असं म्हणाल तर तेही चालत नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येतो, त्यामुळे २०२७चा पाडवा थेट ७ एप्रिलला जातो.

फोन बिघडलेला नाही. तुमच्या मनात तिथी होती आणि तुम्ही त्याला तारीख दिलीत, एवढंच झालं. दोन्हींना आपण घरात 'दिवस' म्हणतो, पण त्यांचा प्रकार वेगळा आहे. आज मला तुमच्याशी या 'प्रकार' शब्दाबद्दलच बोलायचं आहे. घरात कुणी कोडिंग शिकत असेल, तर त्यांना हा लेख जरूर वाचायला द्या. ज्यांचा कोडिंगशी संबंध नाही त्यांनीही थांबा, तुमच्या बँक खात्याचा विषय पुढे येणार आहे.

पाडवा चुकला तरी फारसं बिघडत नाही. पाडवा अख्ख्या गल्लीला माहीत असतो. पण पणजोबांच्या श्राद्धाची तिथी? ती घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात असते, बहुतेक वेळा आजीच्या. आजी सांगते, नातू फोनमध्ये भरतो. भरताना त्या वर्षी जी तारीख आली ती भरतो, आणि पुढच्या वर्षीपासून ती चुकीची. आजी आहे तोवर ती म्हणेल, 'अरे, आज कुठे, मागच्या आठवड्यातच झालं.' आजी नसेल तेव्हा हे सांगणारं कुणी उरत नाही. मूळ तिथी कुठेच लिहिलेली नसते, आणि फोनमधली तारीख मात्र खरीच वाटते.

मी हे लिहितेय ते कुंभकोणममधल्या मेलकावेरीतून. आमच्या भागातल्या मराठी घरांत दिवसांचे प्रकार जरा जास्तच असतात. वाढदिवस शाळेच्या दाखल्यावरच्या तारखेने. श्राद्ध तिथीने. तमिळ शेजारणीच्या मुलाचा वाढदिवस तमिळ महिना आणि नक्षत्र बघून, म्हणजे चित्तिरै महिन्यातली रोहिणी, अशा पद्धतीने. तमिळ नववर्ष सौर असल्यामुळे ते १४ एप्रिलच्या आसपासच राहतं, पाडव्यासारखं धावत नाही. आणि गावाचा सगळ्यात मोठा दिवस, महामहम, तो तर साधारण १२ वर्षांनी, मासी महिन्यात मघा नक्षत्रावर. २००४ला झाला, २०१६ला झाला, आता २०२८ला. या सगळ्यांत पाण्याच्या फिल्टरची कांडी दर सहा महिन्यांनी बदलायची, हाही घरातला एक दिवसच.

आता समजा, तुम्हाला 'घरचे दिवस' नावाचं छोटंसं ॲप बनवायचं आहे. प्रोग्रॅमिंगमध्ये यासाठी हाताशी येणारी पहिली वस्तू म्हणजे डिक्शनरी. नाव शब्दकोशाचं असलं तरी अर्थ सोपा आहे: एका बाजूला किल्ली, दुसऱ्या बाजूला ऐवज. किल्ली 'पणजोबांचं श्राद्ध', ऐवज तो दिवस. किल्ली सांगितली की ऐवज हातात. हजारो नोंदी असल्या तरी पानं उलटत बसावं लागत नाही, म्हणून प्रोग्रॅमर मंडळींची ती लाडकी.

अडचण ऐवजाच्या बाजूला आहे. एकात तारीख, एकात तिथी, एकात नक्षत्र, एकात 'सहा महिने'. हे सगळं एकाच डिक्शनरीत कसं ठेवायचं?

त्याआधी 'प्रकार' म्हणजे काय ते नीट बघू, कारण अनेकांना वाटतं की आकडे दिसले म्हणजे ती संख्या. मेलकावेरीपासून फार लांब नाही, सारंगपाणी देवळासमोरच्या रस्त्यावर श्रीनिवास रामानुजन यांचं घर आहे. त्यांची ती टॅक्सीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. इंग्लंडमध्ये रामानुजन आजारी असताना प्राध्यापक हार्डी त्यांना भेटायला गेले आणि म्हणाले की आपल्या टॅक्सीचा नंबर १७२९ होता, अगदीच नीरस आकडा. रामानुजन म्हणाले, नाही, तो तर फार मजेदार आहे: दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या रीतींनी मांडता येणारी ती सगळ्यात लहान संख्या. १ आणि १२ यांच्या घनांची बेरीज १७२९, आणि ९ आणि १० यांच्या घनांचीही १७२९.

गोष्ट छानच आहे, पण मला त्यात दुसरंच काही दिसतं. टॅक्सीच्या पाटीवरचा १७२९ ही संख्या नव्हतीच. ते नाव होतं. दोन टॅक्सींच्या नंबरांची बेरीज कुणी करत नाही, आणि १७२९ नंबरची टॅक्सी १७२८पेक्षा एकने मोठी नसते. त्या दोघांनी नावाला संख्या म्हणून वाचलं, आणि ते दोघेही गणिती असल्यामुळे त्यातून बरंच निघालं. तुमच्याआमच्या फोननंबरातून असं काही निघत नाही. आमचा एसटीडी कोड ०४३५. तो संख्या म्हणून साठवला की संगणक पुढचं शून्य टाकून देतो, कारण संख्येच्या पुढच्या शून्याला किंमत नसते. उरतं ४३५. पुण्याचं ०२० होतं २०. फोन लागत नाही.

हाच प्रकार बँक खात्याच्या क्रमांकाबाबत घडतो आणि तिथे तो गमतीचा राहत नाही. सोसायटीची वर्गणी, बचत गटाची यादी, सहलीचे परत द्यायचे पैसे, या सगळ्यासाठी कुणीतरी एक्सेलमध्ये खाते क्रमांक भरत असतं. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच लक्षात ठेवतं. काही बँकांचे खाते क्रमांक १६ आकडी असतात. असा क्रमांक नुसता टाइप केला की सोळाव्या अंकाच्या जागी गुपचूप शून्य येतं. कुठे लाल रेघ नाही, की विचारणा नाही. उपाय साधा आहे: रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या किंवा क्रमांकाच्या आधी एक अवतरणचिन्ह टाका. म्हणजे एक्सेलला कळतं की हे नाव आहे, संख्या नाही. ज्यांच्या घरात अशी यादी आहे त्यांनी शेवटच्या अंकांवर आजच नजर टाका.

शास्त्रज्ञांनाही हा फटका बसलाय. माणसाच्या काही जनुकांची नावं 'सेप्ट२', 'मार्च१' अशी होती. एक्सेलने त्यांना तारखा समजून २ सप्टेंबर, १ मार्च करून टाकलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं की ज्या शोधनिबंधांसोबत एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या होत्या, त्यांतल्या सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावंच बदलली; 'सेप्ट'चं 'सेप्टिन' झालं. सॉफ्टवेअरसमोर जीवशास्त्राने हात टेकले म्हणायचे. एक्सेलमध्ये हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय आली २०२३ मध्ये.

तर, प्रकार महत्त्वाचा. आता परत डिक्शनरीकडे.

जावा आणि सी-शार्प या भाषांमध्ये 'जेनेरिक' नावाची सोय आहे. जेनेरिक म्हणजे कोऱ्या जागा सोडलेला साचा. साचा एकच, पण वापरताना तुम्ही कोऱ्या जागा भरता: 'नावाकडून तारखेकडे जाणारी डिक्शनरी', 'नावाकडून संख्येकडे जाणारी डिक्शनरी'. एकदा तारीख असं सांगितलं की त्या डिक्शनरीत तिथी घालायचा प्रयत्न केल्यावर कंपायलर तिथेच अडवतो. कंपायलर म्हणजे प्रोग्रॅम चालायच्या आधी तो वाचून चुका काढणारा प्रोग्रॅम. छापायला जाण्याआधीचा मुद्रितशोधक समजा. ही सोय जावात २००४ मध्ये आली आणि सी-शार्पमध्ये २००५ मध्ये. त्याआधी डिक्शनरीत ऐवज ठेवायचा तो 'ऑब्जेक्ट' म्हणून. ऑब्जेक्ट म्हणजे 'काहीतरी वस्तू'. त्या भाषांतलं जवळपास सगळं काही ऑब्जेक्ट म्हणून चालतं.

आणि इथेच नवशिक्यांना मोह होतो. कोऱ्या जागेत 'तारीख' लिहिण्याऐवजी 'ऑब्जेक्ट' लिहिलं, की एका झटक्यात सगळं मावतं. तारीख, तिथी, नक्षत्र, काहीही टाका. प्रश्न सुटला असं वाटतं.

हा रुमाल झाला. जुन्या मराठी दप्तरांत कागद चौकोनी कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. एखाद्या गाठोड्यात पत्र, जमाखर्च, यादी, काहीही असू शकतं. बांधणाऱ्याला कष्ट नाहीत. कष्ट पडतात ते दोनशे वर्षांनी गाठ सोडणाऱ्याला. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्या दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्या ४५ खंडांमागे न छापलेले किती कागद उलगडून, वाचून, पुन्हा बांधून ठेवावे लागले असतील!

ऑब्जेक्टच्या डिक्शनरीचंही असंच. टाकणं सोपं, काढणं अवघड. ऐवज बाहेर येतो तो 'काहीतरी वस्तू' म्हणून. त्याच्याकडून तारखेचं काम करून घ्यायचं तर आधी जाहीर करावं लागतं की ही तारीख आहे. याला कास्ट करणं म्हणतात. तुमचं म्हणणं खरं असलं तर ठीक. आत तिथी निघाली तर प्रोग्रॅम जागच्या जागी बंद पडतो. जावात या अपघाताला 'क्लासकास्ट एक्सेप्शन' असं खास नाव आहे, यावरून तो किती वेळा होत असेल ते समजा.

एक बारकावा सांगते, कारण इथे पुस्तकी स्पष्टीकरणं घसरतात. वस्तू स्वतःचा प्रकार विसरलेली नसते. गाठोड्यातली तिथी ही तिथीच असते आणि विचारलं तर तसं सांगतेही. पण कंपायलर बाहेरून बघतो, त्याला फक्त कापड दिसतं. त्यामुळे जी चूक त्याने कोड लिहितानाच दाखवली असती, ती आता ॲप वापरणाऱ्याच्या हातात, त्याच्या घरी, एखाद्या रात्री उघडकीला येते. चूक केली एकाने सोमवारी, ओरडा झाला तिसऱ्याच्या फोनमध्ये आठ महिन्यांनी. मला या साऱ्यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

पायथन शिकणारे वाचक म्हणतील, आमच्याकडे तर हे सगळं चालतं. सीबीएसईच्या अकरावीत पायथनच आहे, त्यामुळे असे वाचक पुष्कळ असणार. बरोबर आहे, पायथनच्या डिक्शनरीत कुठलाही ऐवज ठेवा, कुणी अडवत नाही. पण तिथे हा आधीचा मुद्रितशोधकच नसतो, म्हणून अडवणारं कुणी नाही. काढताना काय निघेल याची जबाबदारी पूर्ण तुमची. छोट्या प्रोग्रॅमला हे सोयीचं आहे, मीही वापरते. पाच माणसं मिळून दोन वर्षं एखादं काम करणार असतील तर मला धास्ती वाटते.

मग करायचं काय? याचं एक उत्तर आमच्या शेजारीच आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावरला भोसल्यांची गादी सुरू केली आणि १८५५पर्यंत ते घराणं तिथे होतं. कुंभकोणममध्ये आजही एक डबीर स्ट्रीट आहे. डबीर म्हणजे मराठी दरबारात परराज्यांशी पत्रव्यवहार बघणारा अधिकारी. तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय नायक राजांच्या काळापासूनचं, पण ते खऱ्या अर्थाने वाढवलं दुसऱ्या सरफोजी राजांनी. त्यांचा काळ १७९८ ते १८३२. तिथे संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी अशा भाषांची हस्तलिखितं आहेत, काही ताडपत्रावर, काही कागदावर, शिवाय मोडीतली कागदपत्रं. एका छपराखाली सगळे प्रकार. आपल्या ॲपचीच अडचण, फक्त राजवाड्याच्या मापाची.

तिथल्या सूचीकारांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे भाषेप्रमाणे सूची वेगळ्या केल्या. आर्थर बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याची १८८०ची सूची फक्त संस्कृत हस्तलिखितांची. मराठीची वेगळी, तमिळची वेगळी. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र डिक्शनरी. तारखांची एक, तिथींची एक, नक्षत्रांची एक. हा मार्ग सरळ आहे आणि दोन-तीन प्रकार असतील तर पुरेसा आहे. त्याचा तोटा लगेच कळतो: 'या आठवड्यात घरात काय काय आहे?' हा प्रश्न विचारला की चार ठिकाणी शोधावं लागतं.

पण भाषा वेगळी काढूनही भागत नाही, ही खरी गंमत. संस्कृत हस्तलिखित म्हटलं की आपण देवनागरी गृहीत धरतो. दक्षिणेत संस्कृत ग्रंथ लिपीत लिहिलेलं असतं, तेलुगू लिपीत असतं, नंदिनागरीतही असतं. उत्तम संस्कृत जाणणारा माणूस ते पान हातात घेऊन नुसता बघत बसेल. मराठीचंही तेच: मोडीतलं पत्र मराठीच असतं, पण तुम्हीआम्ही ते वाचू शकत नाही. म्हणून हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचींमध्ये प्रत्येक नोंदीशेजारी लिहिलेलं असतं की हे ताडपत्र की कागद, आकार किती, पानं किती, लिपी कोणती. गाठ सोडण्याच्या आधी कळतं की आत काय आहे आणि ते वाचायला कोणाला बोलवायचं.

हा दुसरा मार्ग. ऐवज नुसता ठेवायचा नाही, त्याच्यासोबत त्याच्या प्रकाराची चिठ्ठी ठेवायची. आणि चिठ्ठीवर काय लिहिता येईल त्याची यादी आधीच ठरवायची: तारीख, तिथी, नक्षत्र, अंतर. बस, चारच. पाचवं काही चालणार नाही. काही भाषांमध्ये तर अशी बंद यादी दिल्यावर कंपायलर तपासतो की तुम्ही चारही शक्यतांचा विचार केलाय की नाही. एक विसरलात तर तो पुढे जाऊ देत नाही. रस्टमध्ये हे फार छान जमतं. जावाच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही जमतं.

पण माझं मत विचाराल तर 'घरचे दिवस'साठी याहून एक पाऊल पुढे जायला हवं. डिक्शनरीत काय ठेवायचं याचा विचार करण्याआधी विचारा: बाहेर काढल्यावर त्याला मी काय विचारणार आहे? इथे प्रश्न एकच आहे: 'यापुढे तू कधी येणार?' तारीख म्हणेल, पुढच्या वर्षी याच आकड्याला. तिथी पंचांग बघून सांगेल. नक्षत्र तमिळ महिना बघून सांगेल. फिल्टरची कांडी म्हणेल, मागच्या वेळेपासून सहा महिने मोज. उत्तर काढायची रीत चौघांची वेगळी, पण उत्तराचा प्रकार एकच. मग कोऱ्या जागेत 'ऑब्जेक्ट' कशाला लिहायचं? तिथे लिहायचं 'जो आपला पुढचा दिवस सांगू शकतो असा कुणीही'. प्रोग्रॅमिंगमध्ये याला इंटरफेस म्हणतात. कास्ट करणं संपलं, चिठ्ठ्या तपासणं संपलं, आणि उद्या कुणी हिजरी तारखा आणल्या तरी बाकीच्या कोडला हात लावावा लागत नाही.

निम्म्या वेळा तर असंही कळतं की डिक्शनरी नकोच होती. नाव, जन्मतारीख, रक्तगट, फोन, एवढंच आणि नेहमी एवढंच साठवायचं असेल तर सरळ फॉर्म बनवा, म्हणजे ठरलेल्या रकान्यांचा क्लास. प्रत्येक रकान्याचा प्रकार आधीच पक्का. मी असं म्हणते खरी, पण तमिळनाडूत राहून फॉर्मबद्दल फार प्रेम वाटत नाही. इथे माणसाच्या नावापुढे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं, आडनाव असतंच असं नाही. 'आडनाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही' असं म्हणणारा फॉर्म आला की लोक आद्याक्षर टाकतात, नाहीतर वडिलांचं नाव, नाहीतर स्वतःचंच नाव दुसऱ्यांदा. रकाना भरला जातो, आत भलताच प्रकार. फॉर्म बनवणाऱ्याने फक्त स्वतःच्या गावातली नावं बघितलेली असतात.

एक जागा मात्र उरते जिथे ऐवजांना विचारायचा सामाईक प्रश्नच नसतो. ॲपची सेटिंग्ज घ्या. अक्षरांचा आकार ही संख्या. भाषा हा मजकूर. रात्रीची काळी पार्श्वभूमी हवी का, याचं उत्तर हो किंवा नाही. यांच्यात काहीही साम्य नाही आणि तरी ते एकत्रच ठेवायचे असतात. इथे जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकात सांगितलेली युक्ती कामी येते: प्रकार ऐवजावर लिहिण्याऐवजी किल्लीवरच लिहायचा. म्हणजे 'अक्षरांचा आकार' ही नुसती अक्षरं नाहीत, ती 'संख्या काढून देणारी किल्ली' आहे. त्या किल्लीने संख्याच आत जाते आणि संख्याच बाहेर येते. आतून डिक्शनरी रुमालाचीच असते, कास्टही होतो, पण एकाच ठिकाणी, कुलपाच्या आत, जिथे चूक व्हायला वाव नाही. बाहेरच्याला ते दिसतही नाही. ब्लॉक यांच्या मूळ उदाहरणात प्रकार हीच किल्ली आहे, त्यामुळे एका प्रकाराचा एकच ऐवज ठेवता येतो. सेटिंग्जसाठी किल्लीत नाव आणि प्रकार दोन्ही ठेवा.

शेवटची अडचण प्रवासाची. तुमच्या फोनमधली ही नीटनेटकी डिक्शनरी भावाच्या फोनला पाठवायची झाली की ती बहुधा जेसन नावाच्या साध्या मजकुरात बदलून जाते. जेसनला मजकूर, संख्या, हो-नाही, रिकामं, यादी आणि किल्ली-ऐवजांचा गठ्ठा, एवढेच प्रकार माहीत आहेत. तारीख नाही. तिथीचा तर प्रश्नच नाही. तुमची तारीख मजकूर होऊन जाते आणि '०३/०४' असं लिहिलं असेल तर पुण्यात ते ३ एप्रिल आणि न्यू जर्सीतल्या फोनवर ४ मार्च. म्हणून पाठवताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं पूर्ण लिहायचं आणि सोबत प्रकाराची चिठ्ठी मजकुरातच घालायची.

तिथीच्या चिठ्ठीवर तर अजून एक ओळ लागते. समजा नोंद आहे 'कार्तिक वद्य षष्ठी'. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो, त्यामुळे वद्य पक्षापुरतं महिन्याचं नाव एकने पुढचं असतं. आपली श्रावण वद्य अष्टमी, म्हणजे जन्माष्टमी, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस तोच, नाव वेगळं. तंजावरची तिथी दिल्लीत बनलेल्या ॲपमध्ये जशीच्या तशी भरली तर श्राद्ध एक महिना आधीच येईल, आणि ॲप ते पूर्ण आत्मविश्वासाने सांगेल.

तेव्हा आजीला विचारून पणजोबांची नोंद करणार असाल तर ती अशी करा: प्रकार तिथी, मास कार्तिक, पक्ष वद्य, तिथी षष्ठी, मासगणना अमावास्येपर्यंतची. आणि हे ॲप बनेपर्यंत फोनच्या साध्या नोटमध्ये लिहिलंत तरी चालेल, फक्त तारखेच्या रकान्यात नको.